वाढते शहर व जाण्यायेण्याची सोय

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही कोणत्या विषयावर बोलावे, असा प्रश्न समितीच्या सभासदांनी आम्हांस केला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही या देवळाच्या उभारणीचा इतिहास सांगू, अथवा आमच्या अगोदर येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचे स्मरण करू. ते कार्य या पुस्तिकेत इतर लेखकांनी आमच्याहून अधिक चांगल्या रीतीने केले आहे. आम्ही निवडलेला विषय ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस दिसले. धर्मगुरूने आगगाडी व मोटारबस यांवर व्याख्यान द्यावे, हे वरवर पाहता थोडे चमत्कारिक वाटण्याजोगे आहे खरे. म्हणून हा विषय आमच्या मनात कसा आला ते प्रथम सांगतो.

गेल्या उपवासकाळापूर्वी एक वृद्ध बाई कित्येक रविवार मिस्साला दिसल्या नाहीत. आजारी असतील असे समजून आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन त्यांच्या घरी गेलो. धर्मग्रामाच्या अगदी टोकाच्या आळीत त्यांचे घर आहे. बाई अंगणात बसून शेंगा सोलीत होत्या. प्रकृती ठणठणीत. आम्ही विचारले, "मग देवळात का येत नाही?" त्या म्हणाल्या, "फादर, पाय अजून चालतात, पण एवढे नाही चालत. सकाळची बस बंद झाली. रिक्षाला जातायेता पैसे मोजायचे तर औषधाला काय ठेवू? मुलगा मोटारसायकलीवर बसवतो म्हणतो, पण त्या खड्ड्यांतून मला भीती वाटते." आम्ही त्यांना ख्रिस्तप्रसाद दिला व परतलो. परंतु वाटेत एक विचार आमच्या मनात घोळत राहिला. पाऊणशे वर्षांपूर्वी हे देऊळ बांधले गेले तेव्हा त्या बाई पाळण्यातही नव्हत्या. त्यांच्या आईस त्याच आळीतून देवळात येता येत असे, आणि आज, पक्के रस्ते व शेकडो वाहने असताना, लेकीस येता येत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर एका बंद पडलेल्या बसपाशी संपत नाही. ते आपल्या वसई-विरारच्या वाढीशी निगडित आहे. म्हणून थोडे मागे जाऊ.

आपला वसई तालुका एका बाजूस समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर यांच्यामध्ये वसलेला आहे. पश्चिमेच्या पट्ट्यात गोड्या पाण्याच्या विहिरी, केळीच्या व पानवेलीच्या वाड्या, फुले, भाजीपाला, त्यापलीकडे कोळीवाडे, आणि खाडीलगत खाजण व मिठागरे, अशी येथील भूमीची जुनी रचना होती. मुंबईस जाणे म्हणजे नावेने जाणे. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातेतून खाली येत येत १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. त्यानंतर १८६७ च्या एप्रिलात विरार ते मुंबईतील बॅकबे अशी रोज जाणारी एक व येणारी एक गाडी सुरू झाली. मुंबईच्या पश्चिमेकडील उपनगरी वाहतुकीचा आरंभ तो हाच. आज ज्या विरार गाडीचे नाव काढताच माणसाच्या अंगावर काटा येतो, तिची पूर्वज ही दिवसातून एकच फेरी करणारी वाफेची गाडी होती! त्या काळच्या थांब्यांत पांजे हेही नाव आढळते. खाडीतील त्या बेटाच्या अंगावरून आज रोज शेकडो गाड्या धडधडत जातात, परंतु एकही थांबत नाही; तेथील रहिवाशांस आजही नावेवरच विसंबून राहावे लागते. रूळ जवळून जाणे ही एक गोष्ट व गाडी आपल्याकरिता थांबणे ही दुसरी, हे या बेटाकडे पाहिले म्हणजे चांगले समजते. हा भेद आपण ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

विजेवरची गाडी कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत १९२८ च्या जानेवारीत आली व विरारपर्यंत १९३६ साली. आपल्या आज्या-पणज्या भल्या पहाटे भाजीच्या व फुलांच्या टोपल्या घेऊन मालडब्यातून दादरच्या बाजारास जात, त्या याच गाडीने. वाडीतून स्टेशनापर्यंतची वाट त्या पायी अगर बैलगाडीने काटीत. ज्यांस परवडे ते टांगा करीत. पुढे १९४८ च्या जून महिन्यात पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर सरकारी मोटारबस प्रथम धावली, आणि यथाकाल लाल एस.टी. आपल्याही गावांत येऊ लागली. त्या काळाचे आम्ही फाजील गोडवे गात नाही. दवाखान्यात पोहोचण्याच्या अगोदर बाळंतिणी दगावल्याचे दाखले आमच्या मृत्युनोंदीच्या जुन्या पुस्तकांत आहेत. तथापि एक गोष्ट खरी की, गाव आखूड होते. देऊळ, शाळा, बाजार व वाडी ही सर्व पायांच्या आवाक्यात होती, आणि दूर जायचे झाले तर एकच स्टेशन व एकच गाडी सर्वांना ठाऊक होती.

आता वाढ कशी झाली ते पाहू. मुंबईत जागेची किंमत सामान्य चाकरमान्याच्या शक्तीबाहेर गेली, तेव्हा त्याने रुळांच्या कडेकडेने उत्तरेस सरकावयास प्रारंभ केला. प्रथम अंधेरी, मग बोरिवली, मग खाडी ओलांडून नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. १९८० नंतर या ओघास वेग आला. १९८८-८९ च्या सुमारास येथील हरित जमिनी बांधकामास मोकळ्या होऊ लागल्या, तेव्हा दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढारीपणाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन केले, ते आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. काहींनी त्यात काठ्याही खाल्ल्या आहेत. १९९० साली सिडकोकडे या प्रदेशाच्या नियोजनाचे काम देण्यात आले. २००१ च्या शिरगणतीत नालासोपाऱ्यात सुमारे १ लाख ८४ हजार, विरारमध्ये १ लाख १८ हजार, नवघर-माणिकपुरात १ लाख १६ हजार व वसईत ४९ हजार लोक होते. २००९ च्या जुलैत या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. पुष्कळ गावांनी त्यास विरोध केला, हेही आपणांस आठवत असेल. २०११ च्या शिरगणतीत या महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. गावे सामील झाल्याने आकडा फुगला हे लक्षात घेतले, तरी वाढ केवढी झाली हे स्पष्टच आहे. आणि तो आकडाही आता जुना झाला.

शहर वाढणे हे पाप नव्हे. माणसास निवारा हवा, आणि गरीब मनुष्य जेथे निवारा स्वस्त मिळेल तेथे जाणारच. दोष वाढीच्या रीतीत आहे. शहर दोन प्रकारांनी वाढू शकते. एका प्रकारात प्रथम वाट, पाणी, गटारे व वाहनांच्या फेऱ्या यांची तजवीज होते आणि मग घरे उठतात. अशी वस्ती थांब्याभोवती दाट होते व मधली शेते मोकळी राहू शकतात. दुसऱ्या प्रकारात ज्यास जेथे जमीन मिळाली तेथे त्याने इमारत उठवली, मग रहिवासी आले, मग त्यांनी पाण्याकरिता टँकर मागवले, मग वाटेकरिता अर्ज केले, आणि सर्वांच्या शेवटी, फार तर दहा-पंधरा वर्षांनी, कोणीतरी विचारले, "येथे बस का येत नाही?" आपल्याकडे हा दुसरा प्रकार झाला. रूळ व महामार्ग यांच्यामधील नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील वस्त्यांतून एकदा फिरून यावे. दोन इमारतींमधून जेथे हातगाडी जेमतेम जाते, तेथे मोटारबस कशी शिरणार? बसची वाट ठेवलीच नाही. नंतर ती विकत घेऊ म्हटले तर कोणाचे तरी घर पाडल्यावाचून मिळत नाही. आणि अशा रीतीने पसरलेल्या वस्तीत प्रत्येक थांब्यावर उतारू थोडे, म्हणून फेऱ्या थोड्या. फेऱ्या थोड्या, म्हणून उतारू आणखी थोडे. बाहेर पडण्यास वाट नाही असे हे चक्र आहे.

या पसरलेल्या नगराचा सर्व भार मग येऊन पडतो तो आगगाडीवर. खाडीमुळे मुंबईकडे जाण्याचा आपला मार्ग बाटलीच्या गळ्यासारखा अरुंद आहे. रस्त्याने जावे तर घोडबंदरापर्यंत मोठा वळसा. म्हणून नायगाव, वसई, नालासोपारा व विरार या चार स्थानकांतून लक्षावधी माणसे रोज त्याच रुळांवर येतात. बोरिवलीपासून विरारपर्यंत चार मार्ग आहेत; त्यांवरूनच लोकल गाड्या, त्यांवरूनच गुजरात व दिल्लीकडील लांब पल्ल्याच्या गाड्या, त्यांवरूनच मालगाड्या. १२ डब्यांच्या काही गाड्या १५ डब्यांच्या झाल्या, २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली, फेऱ्या वाढल्या. तरीही गर्दीच्या वेळी एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असे रेल्वेचेच मोजमाप आहे. आपल्या घरातील एका लहान चटईवर चौदा माणसे उभी करून पाहा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. बसावयास जागा मिळावी म्हणून नालासोपाऱ्याचा मनुष्य प्रथम उलट दिशेने विरारला जातो व तेथून चर्चगेटकडे निघतो. साठ किलोमीटरचा प्रवास, जलद गाडीनेही सव्वा तासाहून अधिक; परत तेवढाच. त्यात घरापासून स्टेशनापर्यंतचा काळ मिळवला, म्हणजे दिवसाचे चार तास वाटेवर जातात. असा मनुष्य रात्री घरी येतो तेव्हा मुले निजलेली असतात. आमच्याकडे लग्नाच्या तयारीस येणारी जोडपी, शिकवणीस न येणारे तरुण, सभेस न येणारे पुरुष, या सर्वांची आम्ही पूर्वी खरडपट्टी काढीत असू. अलीकडे आम्ही प्रथम विचारतो, "कितीच्या गाडीने जाता व कितीच्या गाडीने येता?"

आणि काही जण परत येतच नाहीत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून व अन्य कारणांनी अलीकडच्या वर्षांतही दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आहेत. त्यांतील एक तरुण या धर्मग्रामाचा होता. त्याची अंत्यविधीची प्रार्थना आम्हीच म्हटली. दाराशी लोंबकळत होता म्हणून लोकांनी त्याला दोष दिला. परंतु आत जागा नव्हती, आणि पुढील गाडीची वाट पाहावी तर कामावर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जात होता. त्याच्या आईने आम्हांस एवढेच विचारले की, "फादर, त्याने काय करायला हवे होते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

आता घरापासून स्टेशनापर्यंतच्या वाटेकडे वळू, कारण त्या वृद्ध बाईंचा प्रश्न तेथे आहे. महानगरपालिकेने २०१२ साली स्वतःची बससेवा सुरू केली; तिचा उपयोग हजारो लोकांस होतो, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु बस असणे व बस भरवशाची असणे यांत अंतर आहे. हिशेब सोपा आहे. दर दहा मिनिटांनी बस सुटत असेल तर मनुष्य घड्याळ न पाहता घराबाहेर पडतो व सरासरी पाच मिनिटे थांबतो. तासाने एक बस असेल व ती दोन मिनिटांनी चुकली, तर अठ्ठावन्न मिनिटे गेली. आणि ती येणारच नसेल तर पूर्ण सकाळ गेली. म्हणून ज्यास दुसरा उपाय आहे तो बसची वाट पाहत नाही. तो तिघाचौघांच्या भागीदारीतील रिक्षा करतो. पुढे हप्त्याने मोटारसायकल घेतो. त्याहून पुढे मोटार घेतो. बसमध्ये मागे कोण उरते? ज्यांस दुसरा उपाय नाही ते: म्हातारी माणसे, शाळकरी मुले, धुणीभांडी करणाऱ्या बाया, आजारी. त्यांचा आवाज कोणत्याही कचेरीत फारसा पोहोचत नाही, आणि त्यांच्याजवळ वेळ पुष्कळ आहे असा सर्वांचा समज असतो. पांजे बेटाविषयी जे आम्ही म्हटले ते येथे पुन्हा आठवावे. रस्ता दारावरून जातो, वाहने धडधडत जातात. परंतु त्या बाईंकरिता थांबत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नगरांतील वाहतुकीचाही विचार केला आहे, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. एकेक-दोन-दोन माणसे नेणाऱ्या मोटारींनी रस्ते कोंडतात, हवा बिघडते व त्या उभ्या करण्याकरिता आणखी जमीन खर्ची पडते. म्हणून सार्वजनिक वाहनांस अग्रक्रम द्यावा, असे ते सांगतात. परंतु तेवढ्यावर न थांबता ते हेही बजावतात की, गर्दी, गैरसोय, अपुऱ्या फेऱ्या व असुरक्षितता यांमुळे माणसांस अपमानास्पद रीतीने प्रवास करावा लागतो, ही स्थिती सुधारल्यावाचून लोकांनी बस वापरावी असे म्हणणे व्यर्थ आहे. मनुष्याची अप्रतिष्ठा हा शब्द ज्या विषयात येतो, तो विषय धर्मगुरूचाही आहे, असे आम्ही समजतो.

येथवर आम्ही सरकार, नियोजन व रेल्वे यांविषयी बोललो, आणि आपण माना डोलावल्या. आता आपल्याविषयी बोलले पाहिजे.

सकाळची ती फेरी बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आम्ही एक अर्ज तयार करून देवळाच्या दाराशी ठेवला. या धर्मग्रामात चारशेहून अधिक कुटुंबे आहेत. तीन रविवारांत सह्या किती झाल्या? एक्केचाळीस. आम्ही कारण विचारले, तर एका सज्जनाने मोकळेपणाने सांगितले, "फादर, आता घरोघरी गाडी आहे. बसने जातो कोण?" त्याच सज्जनांच्या मातोश्री एक्केचाळिसांत होत्या. आणि आणखी एक गोष्ट. त्या सह्यांपैकी पंधरा सह्या रस्त्यापलीकडील नव्या इमारतींतील लोकांच्या होत्या. त्यांत मंगळुरी होते, झारखंडकडील होते, गोव्याकडील होते. तीन सह्या तर हिंदू शेजाऱ्यांच्या होत्या. ज्यांस आपण 'बाहेरचे' म्हणतो, ज्यांच्यामुळे गावाचे गावपण गेले असे आपण प्रत्येक सभेत बोलतो, त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांकरिता आपल्याआधी सही केली.

बंधुभगिनींनो, ते लोक येथे आकाशातून पडले नाहीत. ज्या इमारतींत ते राहतात, त्या ज्या वाड्यांवर उभ्या आहेत, त्या वाड्या कोणी विकल्या? काहींनी आजारपणासाठी विकल्या, काहींनी मुलांच्या शिक्षणासाठी, काहींनी पाणी खारे झाल्यामुळे. त्यांस आम्ही बोल लावीत नाही. परंतु काहींनी केवळ शेजाऱ्याने विकली म्हणून विकली, हेही खरे आहे. भाव घेऊन जमीन द्यावी आणि मग तीवर राहावयास आलेल्यास शिव्या द्याव्या, हे ख्रिस्ती माणसास शोभत नाही. तो मनुष्यही मुंबईत घर परवडत नाही म्हणूनच येथे आला, आणि पहाटे पाचच्या गाडीला आपल्याच मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. हरित पट्टा वाचविणे व नव्या वस्तीस बस मिळवून देणे, ही परस्परविरोधी कामे आहेत असा आपला समज झाला आहे. वस्तुतः ती एकच आहेत. स्टेशनाजवळ दाट वस्ती व तिला भरवशाची बस असेल, तरच उरलेल्या वाड्यांवर रस्तारुंदीचा व मोटारतळाचा बोजा कमी पडेल. जेथे प्रत्येक कुटुंबास मोटार घ्यावी लागते, तेथे वाडी टिकत नाही.

याचा दाखला पाण्याने आपणांस दिलाच आहे. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक आळीत बावखले राखली होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, हळूहळू जमिनीत मुरे, विहिरी गोड राहत व रस्ते कोरडे. त्यांतील कित्येक बावखले भर घालून बुजविली गेली. मिठागरे व खाजणे यांवरही भराव पडला. मग २०१८ च्या जुलैत काय झाले ते सर्वांना स्मरते. नालासोपारा-विरारच्या रुळांवर पाणी चढले, गाड्या बंद पडल्या, लांब पल्ल्याच्या गाडीतील उतारू डब्यांत अडकून पडले, मिठागरातील कुटुंबांस होड्यांनी बाहेर काढावे लागले, आणि आपल्या घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्या दिवशी मोटार असलेला व नसलेला, गावचा व बाहेरचा, सर्व सारखेच घरी बसले.

उपाय मुळीच होत नाहीत असे नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई व भाईंदर यांच्या दरम्यान वाहने नेणारी रो-रो नाव सुरू झाली, व तीसहून अधिक किलोमीटरचा वळसा खाडीवरील अल्प अंतरावर आला. जलमार्ग ही आपली मूळचीच वाट होती. बोरिवली-विरार पाचवा व सहावा मार्ग आणि विरार-डहाणू चौपदरीकरण ही कामे मंजूर झालेली आहेत. ती लवकर पुरी होवोत. परंतु आणखी रूळ घातले व घरे पुन्हा वाट न ठेवता उठत राहिली, तर वीस वर्षांनी आमच्या जागी येणारा धर्मगुरू हेच भाषण डहाणूत करील. म्हणून रुळांबरोबर तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा: स्टेशनापर्यंत नेमाने सुटणारी बस; तिच्या थांब्यापर्यंत म्हाताऱ्यास चालता येईल अशी पायवाट; आणि येथेच मिळणारी कामे, म्हणजे प्रत्येकास दक्षिणेस धावावे लागणार नाही.

आता अखेरचा व आमच्या दृष्टीने मुख्य मुद्दा. महोत्सवाच्या निधीतून देवळामागील बावखल बुजवून तेथे मोटारी उभ्या करण्याची सोय करावी, अशी सूचना समितीपुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. रविवारी रस्ता अडतो, शेजाऱ्यांशी बोलाचाली होते, हे आम्हीही पाहतो. परंतु आम्ही हिशेब केला. एक मोटार उभी करण्यास व वळविण्यास मिळून सुमारे पंचवीस चौरस मीटर जागा लागते. संपूर्ण बावखल बुजविले तरी तेथे तीस मोटारी मावतील. तीस मोटारींत, आम्ही दोन रविवार दाराशी उभे राहून मोजल्याप्रमाणे, सत्तर माणसेही येत नाहीत. सत्तर माणसे म्हणजे जेमतेम दीड बस. या दीड बसकरिता आपण पूर्वजांनी खणलेले पाणी बुजवायचे, आणि जी एक बस त्या वृद्ध बाईंस देवळात आणीत होती तिच्याकरिता एक्केचाळीस सह्या करायच्या!

आमची विनंती अशी. बावखल बुजवू नये. गाळ काढून त्याचे काठ बांधावे. त्याच निधीतून हमरस्त्यावरील थांब्यावर एक बाक व पावसास दाद न देणारे छप्पर उभारण्याची परवानगी मागावी. दुसरी मिस्सा पंधरा मिनिटे पुढे नेण्यास आम्ही तयार आहोत, म्हणजे स्टेशनाकडून येणारी बस तिला गाठील. ज्यांच्या मोटारीत जागा रिकामी असते त्यांनी आपल्या आळीतील एका म्हाताऱ्या माणसास बरोबर आणावे. अशा सत्तावीस जणांची यादी आम्ही घरोघर फिरून केली आहे व ती साक्रिस्तीत ठेवली आहे. आणि अर्ज पुन्हा लिहावा. या वेळी तो देवळाच्या दाराशी न ठेवता आपण दोघे-दोघे मिळून घरोघर न्यावा, रस्त्यापलीकडील इमारतींतही, कारण बस ही कोणा एका धर्माची वा गावाची असत नाही. मागणी साधी असावी: पहाटेच्या गाडीस मिळणारी एक फेरी, रात्रीच्या गाडीवरून आणणारी एक, आणि रविवार सकाळची ती जुनी. तिची वेळ थांब्यावर लिहिलेली असावी व लिहिल्याप्रमाणे ती यावी.

निर्णय पुढील रविवारच्या सभेत आपणच घ्यावयाचा आहे. धर्मगुरू बदलून जातात. आमचीही येथली वर्षे थोडीच उरली आहेत. आम्ही गेल्यानंतर येथे बावखल राहिले की मोटारतळ झाला, याचे फळ आपल्या मुलाबाळांस भोगावे लागेल. सभेस येताना आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसास बरोबर आणावे, एवढे मात्र आम्ही सांगून ठेवतो. ते कसे येतील याची काळजी आपणांस करावी लागेल. आणि ती काळजी करता करताच या भाषणाचा विषय आपणांस आमच्यापेक्षा अधिक चांगला समजेल.

परमेश्वर आपणां सर्वांस, आणि आज या वेळी गाडीत उभ्या असलेल्या आपल्या लेकरांस, सुखरूप घरी पोहोचवो.